छायाचित्रकाराकडे जाण्यापूर्वी

(ओरत्तनाडु येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी मोडी कागदपत्रांच्या भाषांतराविषयी बोलावे, असे ठरले होते. तंजावरच्या सरस्वती महालातील मोडी दप्तर हा विषय आपल्या या मेळाव्याला शोभणाराही होता. पण सकाळी मुक्तांबाळ छत्र पाहून आपण जेवायला बसलो, तेव्हा माझ्या शेजारच्या पानावरील एका मुलीने तिच्या मोबाइलवर आलेला एक निरोप मला वाचून दाखवला, आणि मी विषय बदलला. संयोजकांनी तशी मुभा दिली याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्या मुलीची संमती घेऊन, तिचे नाव न सांगता, मी त्या निरोपाविषयीच बोलणार आहे.

निरोप एका छायाचित्रकाराचा होता. कोणा परिचिताच्या लग्नात त्याने हिला पाहिले होते. आपला चेहरा छायाचित्रासाठीच घडवलेला आहे, मी काही फोटो विनामूल्य काढून देईन, पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला नारळीच्या बागेतले एक घर मी त्यासाठी घेतले आहे, दोनतीन पोशाख बरोबर आणा, आणि शक्यतो एकट्याच या, घरची माणसे समोर असली की चेहरा मोकळा होत नाही, असा एकूण मजकूर. भाषा आर्जवी होती. एकही शब्द उद्धट नव्हता. मुलगी म्हणाली, “अक्का, घरी विचारले तर नाहीच म्हणतील. तुम्ही सांगा, जाऊ की नको?”

‘नको’ म्हणणे सोपे होते. परंतु नुसते ‘नको’ ऐकत वाढलेल्या मुली पुढच्या वेळी विचारायलाच येत नाहीत, हे दोन मुलींची आई या नात्याने मी जाणते. म्हणून जे तिला पानावर बसून अर्धेमुर्धे सांगितले, ते आता आपणा सर्वांपुढे नीट मांडते.

पहिली गोष्ट ही की, आपली छबी चांगली उमटावी, ही इच्छा मुळीच गैर नाही. शरफोजी महाराजांची हात जोडून उभी असलेली संगमरवरी मूर्ती आपण तंजावरच्या राजवाड्यात पाहिलेली आहे. राजाला जी हौस असते ती विसाव्या वर्षीच्या मुलीला असू नये, असे म्हणणारे आपण कोण? मराठी घरांत तर ‘दाखवायचा फोटो’ हा एक संस्कारच होऊन बसला आहे. तो काढायला मुलीला नेताना कोणी फारसा विचार करीत नाही. तिने स्वतःच्या आवडीने फोटो काढायचे म्हटले, की मात्र घरात चर्चा सुरू होते.

दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा आणि बडोदा येथे छायाचित्रणाचा धंदा केला. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य घटते, अशा समजुतीमुळे बडोद्यात त्यांचा धंदा बसला, असे त्यांच्या चरित्रांत येते. आज आपण या समजुतीला हसतो. समजूत खोटी होतीच. पण आपल्यातले काहीतरी त्या पेटीत राहून जाते, ही तिच्या मुळाशी असलेली शंका मात्र अगदीच निराधार म्हणता येत नाही.

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांपाशी मी थोडी घुटमळते, त्याबद्दल क्षमा असावी. मराठीने या वस्तूला ‘छायाचित्र’ म्हटले. तमिळमध्येही ‘निळर्पडम्’, म्हणजे सावलीचे चित्र, असा शब्द आहे. परंतु अधिक रुळला तो ‘पुगैप्पडम्’, धुराचे चित्र. प्रथम ऐकला तेव्हा मला हा शब्द विचित्र वाटला होता. सावली माणसाबरोबर चालते आणि माणसाबरोबरच घरी परत येते. धूर एकदा घराबाहेर पडला, की तो कोणाच्या परसात जाईल ते सांगता येत नाही. आज मोबाइलवरून मोबाइलवर जाणाऱ्या चित्राला तमिळ शब्दच अधिक लागू पडतो, असे मला वाटू लागले आहे. निगेटिव्हला आपण ‘ऋणचित्र’ म्हणतो. पूर्वी ते दुकानदाराच्या पेटीत राहून जायचे. आता तशी पेटीही उरली नाही, आणि मूळ प्रत एकच असते असेही नाही.

परक्या माणसासमोर चेहरा द्यायचा, आणि मागे काय राहील याची खात्री नाही, ही अडचण या धंद्याला आज कळलेली नाही. लाला दीनदयाळ हे इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या आश्रयाने छायाचित्रणात पुढे आले, आणि नंतर हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी एक जनानी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषांना मज्जाव, कामाची सूत्रे केनी-लेविक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती, आणि मदतनीसही स्त्रियाच. पडदा पाळणाऱ्या घराण्यांतील स्त्रिया एरवी येणार नाहीत, हा व्यावहारिक हिशेब त्यामागे होताच. पडद्याचे समर्थन मला करायचे नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते एवढ्याकडेच की, त्या काळच्या अव्वल छायाचित्रकाराला सोबतीची भीती वाटली नाही. निर्धास्त वाटल्याशिवाय बाईचा चेहरा मोकळा होत नाही, हे त्याने ओळखले, आणि ती निर्धास्ती पुरवण्यासाठी स्वतः खर्च केला. आज या मुलीला आलेल्या निरोपात नेमके उलटे लिहिले आहे.

आता थोडे माझे स्वतःचे. पंचवीसएक वर्षांपूर्वी, मी एम.ए.च्या वर्गात असताना, वडील मला आमच्या गावातील एका स्टुडिओत ‘दाखवायच्या फोटो’साठी घेऊन गेले. दोन प्रती ठरल्या, पैसे दिले, फोटो चांगला आला. दोन महिन्यांनी एका मैत्रिणीने सांगितले की, तुझा फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला आहे. वडील जाब विचारायला गेले. दुकानदार हसून म्हणाला, “मास्तर, तुमच्या मुलीमुळे दुकानाला शोभा आली, रागावता कशाला?” फोटो दिवाळीपर्यंत तिथेच होता. वडील घरी आले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तू एवढी हसलीस कशाला?”

त्या दुकानदारावरचा राग केव्हाच ओसरला. तो प्रश्न मात्र मी अजून विसरले नाही. फसवणूक दुकानात झाली आणि जाब घरात मला द्यावा लागला.

पुढे पुष्कळ वर्षांनी ग्राहकांसाठी लिहिलेल्या एका कायद्याच्या पुस्तिकेचे भाषांतर माझ्याकडे आले. त्यात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे १७ वे कलम होते. मोबदला देऊन, एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो, असा त्यातील तरतुदीचा अर्थ. म्हणजे न विचारता नवी मोठी प्रत काढण्याचा त्या दुकानदाराला हक्कच नव्हता! वडील तेव्हा हयात नव्हते. असते तर मी त्यांना ते कलम वाचून दाखवले असते. हाच प्रश्न इंग्लंडमध्ये १८८८ साली न्यायालयापुढे आला होता. पोलार्ड नावाच्या एका बाईंनी पैसे देऊन फोटो काढवला. दुकानदाराने त्याचे नाताळचे भेटकार्ड बनवून काचेत मांडले. न्यायालयाने त्याला मनाई केली. गिऱ्हाइकाने मागितलेल्या प्रती काढण्यापुरतेच ते ऋणचित्र वापरायचे, हा करार न बोलताही उभयतांत झालेला असतो, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले.

मात्र या कलमातले दोन बारकावे लक्षात ठेवले पाहिजेत. कायदा स्वामी ठरवतो तो पैसे देऊन फोटो काढवणाऱ्याला. चेहरा कोणाचा, हे तो इथे विचारीत नाही. माझ्या फोटोचे स्वामी माझे वडील होते, मी नव्हते. उद्या एखाद्या कपड्याच्या दुकानाने किंवा विवाहमंडळाने खर्च केला, तर चित्र त्यांचे होईल. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली दिला, त्याचा आधार चेहऱ्याच्या धन्याला आहे; पण तो हक्क बजावायला न्यायालयाची पायरी चढावी लागते. दुसरा बारकावा आजच्या निरोपाशी थेट निगडित आहे. फुकट काढलेल्या फोटोत मोबदला नाही. मोबदला नाही म्हणजे ही तरतूदही लागू नाही, आणि चित्राचा स्वामी छायाचित्रकारच राहतो. ‘विनामूल्य’ या शब्दाची किंमत ही आहे. थोडेफार का होईना, पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत काही छापले असेल तर तेही वाचावे, कारण ‘उलट करार’ असतो तो बहुधा तिथेच.

याच्या उलट प्रकारही पुष्कळ आढळतो. ‘तुमची जाहिरातीसाठी निवड झाली आहे, आधी छायाचित्रांचा संच करून घ्या आणि एवढे हजार भरा’ असे सांगणारे लोक छायाचित्रकार नसतातच. काम देणारा काम मिळवणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही. याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही.

निरोपातील ‘एकट्या या’ हे शब्द सगळ्यांत गंभीर आहेत. सोबत कोणी असले की आपण अवघडतो, हे खरे आहे, आणि एखादा प्रामाणिक छायाचित्रकारही तसे बोलून दाखवील. परंतु त्यावर उपाय सोपा असतो: सोबतीला आलेल्या व्यक्तीने थोडे बाजूला, पण दिसेल असे बसावे. हा उपाय ज्याला मान्य नाही, त्याच्याकडे जाऊ नये. त्यासाठी दुसरे कारण शोधण्याची गरज नाही. सोबतीला जाणाऱ्यांनाही एक सांगते. “जरा चहा सांगून येता का?”, “गाडीतून दिवा आणता का?” अशा निमित्ताने उठू नका. चहा नंतर सगळ्यांनी मिळून प्यावा.

जागेचे तसेच आहे. पहिली भेट दुकानात व्हावी. ज्याला दुकान नाही त्याने आपण काम केलेल्या दोन घरांची नावे सांगावीत, आणि त्या घरी खरोखरच विचारणा करावी. मोबाइलवर दिसणारी सुंदर चित्रे त्याचीच असतील असे नाही. एकाच घरच्या समारंभाची सगळी चित्रे दाखवा, असे म्हणावे. उसन्या चित्रांच्या मालकाला वेचक दहा दाखवता येतात, शंभर दाखवता येत नाहीत. उघड्यावर फोटो काढायचे तर माणसांची ये-जा असलेली जागा निवडावी. बृहदीश्वराच्या आवारात काढू, असे कोणी म्हणाला, तर परवानगी घेतली आहे का, हे विचारावे. तिपाई आणि दिवे लावून तिथे चित्रण करायला पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते. नियमाने चालणारा माणूस असेल तर त्याला ते ठाऊक असते. अनोळखी बागेतले अनोळखी घर मात्र कोणत्याही कारणाने नको.

दोनतीन पोशाख न्यायला हरकत नाही, पण ते बदलायचे कुठे? शक्य तर एका पोशाखात घरूनच जावे आणि दुसऱ्यासाठी दुसरा दिवस ठरवावा. बदलावेच लागले तर सोबतीच्या बाईने आधी खोली पाहून घ्यावी, कडी नीट लागते का ते बघावे, आणि दाराशी थांबावे. अगदी जुन्या काळी फोटो निघायला इतका वेळ लागे, की डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. आज त्याची गरज नाही, आणि हनुवटी धरून फिरवण्याचीही नाही. ‘मान थोडी डावीकडे’, ‘पदर वर घ्या’ हे तोंडाने सांगता येते, आरशात दाखवता येते. हात आपला, पदर आपला. न विचारता हात लावला तर तेवढ्यावरच उठून यावे. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडू द्यावेत.

फोटो निघाल्यावर काय, याचा विचार आपण सहसा करीतच नाही, आणि खरा धोका बहुधा तिथेच असतो. १९९२ साली अजमेरमध्ये शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलींची छायाचित्रे दाखवून त्यांना धमकावण्याचे आणि त्यांच्यावर अत्याचार करण्याचे एक भयंकर प्रकरण उघडकीस आले. ते गुन्हेगार फोटो काढून देणारे व्यावसायिक नव्हते, तेव्हा तुलना जपून करायला हवी. पण ती चित्रे गावभर झाली ती फिल्म धुऊन प्रती काढणाऱ्या प्रयोगशाळेतून, हे विसरता येत नाही. चित्र काढणाऱ्यापलीकडेही किती हात असतात, ते यावरून दिसते. त्या खटल्यात आणखी सहा जणांना जन्मठेप झाली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, बत्तीस वर्षांनी. मुली तेवढ्या काळात पन्नाशीच्या बायका झाल्या होत्या.

कायदा आता पूर्वीपेक्षा कडक आहे. २०१३ मध्ये दंडसंहितेत आलेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असलेली तरतूद असे सांगते की, स्त्रीने आपले खाजगी क्षणाचे चित्र काढू दिले, पण ते इतरांना दाखवू दिले नाही, तर ते पसरवणे हाच गुन्हा आहे. पहिल्याच अपराधाला किमान एक वर्षाची कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रांबाबत पुरुषांनाही संरक्षण आहे. पण ही कलमे त्या विशिष्ट चित्रांपुरतीच आहेत. साडी नेसून काढलेला साधा फोटो दुकानाच्या काचेत किंवा जाहिरातीत गेला, तर त्यांचा उपयोग नाही. म्हणून आधीच दोन ओळी लिहून घ्याव्यात: चित्रे कोणाला द्यायची, दुकानात किंवा मोबाइलवर प्रसिद्ध करायची की नाही, आणि मूळ प्रती किती दिवसांनी पुसून टाकायच्या. वकिलाची गरज नाही, साधी चिठ्ठी पुरते.

आणि समजा, एवढे करूनही कोणी धमकी दिली, तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. आलेले निरोप पुसू नयेत, तोच पुरावा असतो. १८१ हा स्त्रियांसाठीचा क्रमांक आहे, १९३० हा मोबाइल आणि संगणकावरील आर्थिक गुन्ह्यांसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी, आणि मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांच्या आतील असेल तर १०९८. पण त्या क्रमांकांच्याही आधी घरात कोणाला तरी सांगता आले पाहिजे. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी हात जोडून सांगते: धमकी देणाऱ्याचे भांडवल ते चित्र नसते, तुमचा राग असतो. मुलगी घाबरते ती त्याला नव्हे, तुम्हाला. तुम्ही रागावणार नाही हे तिला आधीपासून ठाऊक असले, तर त्याच्या हातात उरते काय?

छायाचित्रकारांवर मी अन्याय करीत आहे, असे कोणाला वाटू नये. लहान गावातला छायाचित्रकार पासपोर्टचे फोटो काढतो, लग्ने काढतो, बाळांच्या कान टोचण्याच्या समारंभाला दिवसभर उभा राहतो. त्याच्या दुकानावर त्याचे नाव असते, आणि त्या नावावरच त्याचे पोट असते. हातोहाती मोबाइल आल्यापासून ते पोट आधीच आवळले गेले आहे. अशा माणसाला मी सांगितलेला एकही प्रश्न टोचत नाही. उलट सोबतीला कोणी असले तर त्याच्यावरही खोटा आळ येत नाही, हे त्याला आपल्याहून चांगले कळते.

सकाळी पाहिलेल्या छत्राचे या संदर्भात मला स्मरण होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शरफोजींनी ते मुक्तांबाळेच्या नावाने उभारले. रामेश्वरच्या वाटेवरचे असंख्य परके लोक तिथे उतरत. १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात शरफोजींनी अशा छत्रांची व्यवस्था वर्णिली आहे: वाटसरूला अन्न, आजाऱ्याला वैद्य, तान्ह्या मुलांना दूध, बाळंतिणीची देखभाल. एकटी, अवघडलेली बाई अनोळखी गावात निर्धास्त उतरू शकत होती, ती तिथल्या माणसांचे चेहरे प्रेमळ होते म्हणून नसावी. कोणाला काय द्यायचे हे ठरलेले होते, आणि चुकल्यास जाब देणारा कोणी होता.

त्या मुलीने जेवण झाल्यावर माझ्याशेजारी बसून तमिळमध्ये उत्तर लिहिले. तिने मला वाचून दाखवले ते असे: आपले दुकान कोठे आहे? आई बरोबर येईल आणि शेवटपर्यंत बसेल. बागेतल्या घरी जमणार नाही, दुकानात किंवा देवळापाशी जमेल. पैसे आम्ही देऊ, पावती हवी, आणि विचारल्याशिवाय फोटो कोणाला दाखवू नयेत. ‘आई’ लिहिताना ती जरा थांबली, आणि मग समोरच्या रांगेत बसलेल्या आईकडे उठून गेली. दोघींचे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. परत येऊन तिने निरोप धाडला. मी बोलायला उभी राहीपर्यंत त्याचे उत्तर आलेले नव्हते.